भिवाजीचं ताट

भिवाजी त्या दिवशी तोंडाला राख लावून घ्यायला तयार होईना.

एरवी तो स्वतःच कुणाच्या तरी चुलीतली राख मागून आणायचा, डोळ्यांखाली बोटाने ओढायचा, गालांना थोडं खोबरेल चोपडायचा म्हणजे घाम फुटल्यासारखं दिसतं, आणि वर मला विचारायचा, "यमे, मेल्यासारखा दिसतोय का अजून धुगधुगी हाय?" आज राखेची वाटी माझ्या हातात तशीच होती आणि तो अंगणवाडीच्या भिंतीवरच्या आंबा-केळ्याच्या चित्रांकडे बघत बसला होता.

"लाव की," मी म्हणाले. "बाजार भरलाय बाहेर. शाहीर आता ओरडतील."

"कशाला लावू? ह्या गावानं मला आधीच मारून ठिवलंय."

ही दोन हजार दोनच्या आसपासची गोष्ट. फड बुडाल्यावर आम्ही तमाशातली चार-पाच माणसं एका संस्थेच्या कलापथकात लागलो होतो. काम सरकारी योजनेतलं, गावोगाव जाऊन एड्सबद्दल सांगायचं. फडात भिवाजी सोंगाड्या होता. तो नुसता उभा राहिला तरी लोक हसायचे, आणि अशा माणसाला आम्ही रोग्याचं काम दिलं, कारण आमच्यात सगळ्यांत वाळका तोच होता. वगात मी त्याची बायको. निवृत्ती शाहीर आमचे म्होरके, ते पांढरा कोट घालून डॉक्टर व्हायचे.

संस्थेने पुण्याहून छापून पाठवलेल्या वगात पात्रांना नावं नव्हती. रुग्ण, रुग्णाची पत्नी, डॉक्टर, बस्स. शाहीर म्हणाले, "बिननावाच्या माणसाचं गावाला कशाला वाईट वाटंल?" पण नवी नावं पाठ करायचाही सगळ्यांना कंटाळा, म्हणून आमचीच नावं ठेवली. भिवाजी खरात तो भिवाजी खरात, यमुना ती यमुना. फडात राजाला राजाचं नाव असायचं, सोंग कुठे संपतं ते लहान पोरालाही कळायचं. इथे ते कळायची सोयच आम्ही ठेवली नाही. त्या वेळी हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

वगाचा शेवट ताटाचा होता. मी भिवाजीपुढे भाकरी-पिठल्याचं ताट लांबून सरकवायची. मग शाहीर येऊन सांगायचे की शेजारी बसून, हात लावून, एका ताटात जेवून हा रोग होत नाही. आणि लोकांकडे वळून विचारायचे, "आहे का कुणी मायेचा पूत, भिवाजीबरोबर जेवणारा?" अर्थात मायेचा पूत आम्ही आधीच ठरवून ठेवलेला असायचा. एखादे गुरुजी, नाहीतर आरोग्य केंद्रातला कंपाउंडर.

उंबरदऱ्यात आम्ही पहिल्यांदा आलो तेव्हा मात्र ठरवलेले गुरुजी उठायच्या आधी सरपंचच उठले. पंचायत समितीचे साहेब खुर्चीवर बसलेले होते ना! सरपंच मिशीला पीळ देत आले, मांडी घालून बसले आणि घास तोंडात घातला तेव्हा त्यांच्या कपाळावर खरा घाम होता, खोबरेलाचा नव्हे. भिवाजीला खराच रोग आहे असं त्यांना वाटत होतं. परतताना टेम्पोत भिवाजीने त्यांची अशी नक्कल केली की हसून हसून आमच्या पोटात दुखायला लागलं.

त्यानंतरच्या सुगीत भिवाजीच्या लेकीची, सुलीची सोयरीक ठरली. मुलगा याच उंबरदऱ्याचा, केरबा ढेकळेचा थोरला. बागायत जमीन, घरात नळ. भिवाजी तर हरखून गेला होता. "माझी सुली डोक्यावर हंडा न्हाई घ्यायची आता," हे त्याने प्रत्येकाला सांगून झालं होतं. केरबा मळ्यात राहणारा माणूस. तमाशा काय आणि कलापथक काय, तो त्या वाटेला जायचा नाही. सुपारी फुटली, साखरपुडा झाला, आणि मग गावाने त्याला सांगितलं की तुझा व्याही म्हणजे तोच तो, ताटवाला. सरकार असल्या माणसांना पगार देऊन फिरवतं म्हणे.

लग्न पुढच्या महिन्यावर आलं होतं.

मी राखेची वाटी धरून उभी असतानाच केरबा आला, तो अंगणवाडीच्या दारातच थांबला. धिप्पाड, पण बोलायला मऊ. भिवाजी उठला, त्याने सतरंजी झटकली.

"या पाव्हणं, बसा."

"बसत न्हाई. बैलं सोडून आलोय."

भिवाजीने चंची काढून पुढे केली.

"आत्ताच खाल्ली," केरबा म्हणाला. त्याच्या तोंडात तंबाखू नव्हती, ते मला दिसत होतं.

"पाव्हणं," तो म्हणाला, "मला ठावं हाय, तुमास्नी काय न्हाई. माझा तुमच्यावर इस्वास हाय. पर गाव बोलतंय. माझ्या अजून दोन पोरी उजवायच्या हायीत. उद्या त्यांच्या दारात कोण यील?"

"मग मी काय करू म्हणता?"

"आज समदा बाजार गोळा हुनार. खेळ सुरू व्हायच्या आदी म्हना, नायतर मदी म्हना, तुमच्या तोंडानं एक वाक्य बोला. मला काय रोग न्हाई, मी सोंग घेतोय. मारुतीच्या देवळाकडं हात करून बोला. संपलं. मी उद्या पत्रिका छापाय टाकतो."

"आन् न्हाई बोललो तर?"

"खरं तर बोलायचंय, पाव्हणं. खोटं बोला म्हणलं का मी?"

तो गेला. त्याचं काही चुकत होतं असं मला तेव्हा वाटलं नाही आणि आजही वाटत नाही.

"मग झालं तर," मी भिवाजीला म्हणाले. "एक वाक्य बोलायला काय जातंय तुझं? एरवी तर तोंडाला टाळा नसतो."

"बोलनार की," तो म्हणाला. "खरंच तर हाय." त्याने राखेची वाटी घेतली, आरशाचा तुकडा खिडकीला टेकवला. चेहरा थोडा उजळला होता.

तेवढ्यात मंगलताई आल्या. या गावच्या अंगणवाडी सेविका. पोरांना खिचडी वाढून, हात पुसत आल्या होत्या. दारामागून त्यांनी सगळं ऐकलं असावं, कारण त्यांनी आडपडदा ठेवला नाही.

"भिवाजीदादा, ते वाक्य बोलू नका."

"का वो?"

त्यांनी आम्हाला खिडकीशी बोलावलं. ओट्यावर पोरं ओळीने बसून खात होती. मधल्या एका पोराकडे त्यांनी बोट केलं. मोठ्या डोळ्यांचं, शेंबडं, दोन्ही हातांनी खात होतं.

"हा शेवंताचा. तिचा नवरा ट्रकवर होता, तो याच रोगाने गेला. शेवंतालाही झालाय. पोराला नाही, डॉक्टरांनी तपासून सांगितलंय. पण ऐकतो कोण! हा आला की बाकीच्या बाया आपापली पोरं उचलून न्यायच्या. मी याला लांब, त्या पायरीवर वाढायचे. शेवंताला नळावर हंडा लावू देत नव्हते."

"मग आता?"

"तुम्ही येऊन गेलात ना. सरपंच तुमच्या ताटात जेवले. लोकांनी महिना, दोन महिने वाट बघितली. सरपंचांना काही होईना. उलट त्यांना नातू झाला. मग एकेक बाई म्हणायला लागली, सरपंच त्या भिवाजीच्या उष्ट्यात जेवले आणि धडधाकट आहेत, मग पोरगं पंगतीत बसलं तर काय बिघडलं? पावसाळ्यापासून बसतोय तो. शेवंता नळावर येते." त्या थांबल्या. "हे सगळं त्या ताटावर उभं आहे, दादा. आज तुम्ही म्हणालात की मला काही नाही, तर लोक काय म्हणतील? म्हणूनच सरपंचांना काही झालं नाही. उद्या हा परत पायरीवर."

भिवाजी त्या पोराकडे बघत राहिला.

"तुम्ही आमच्या दवाखान्याचं ऐकत नाही, पुस्तकाचं ऐकत नाही," मंगलताई म्हणाल्या, पण त्या आम्हाला नाही, गावालाच म्हणत होत्या. "सरपंचाला नातू झाला, हे मात्र पटलं."

निवृत्ती शाहीर कोटाची बटणं लावत आत आले तेव्हा त्यांना आम्ही सगळं सांगितलं. शाहीर सरळ माणूस. "खरं बोलायला लाज कसली?" ते म्हणाले. "आपन खरंच सांगायला हिंडतोय ना? मग बोल. आन् पुढचं गाव बघून घील."

"गाव कसं बघून घेतं ते मी बघतेय चार वर्षं," मंगलताई म्हणाल्या आणि खिचडीचं पातेलं घासायला गेल्या.

भिवाजीने माझ्याकडे बघितलं. "यमे, तू काय म्हन्तीस?"

"मी म्हणते, बोल," मी म्हणाले. "सुली तुझी आहे. गाव तुझं नाही."

त्याने डोळ्यांखाली राख ओढली. आरशात बघून नेहमीचा प्रश्न मात्र विचारला नाही.

खेळ चावडीपुढे होता. उन्हं कलायला लागली होती. भाजीवाल्यांनी उरल्यासुरल्या वांग्यांवर पोती टाकली आणि तेही येऊन बसले. पुढे बाप्ये, डाव्या हाताला बाया. केरबा पहिल्या रांगेत, शेजारी त्याचे भाऊबंद. सरपंच तालुक्याला गेले होते, त्यामुळे या खेपेला ताटाला कुणीच ठरवलेलं नव्हतं. मेहबूबने ढोलकीवर थाप मारली. शाहिरांनी गण म्हटला. खेळ सुरू झाला तरी भिवाजी ते वाक्य बोलला नव्हता. केरबा डोळे न हलवता बघत होता.

भिवाजीने त्या दिवशी काम वाईट केलं. दोनदा संवाद चुकला, खोकायचं तिथे खोकला नाही. लोक मात्र नेहमीपेक्षा चिडीचूप. मी ताट वाढून लांबून सरकवलं. शाहीर पुढे आले, रोग कशाने होतो, कशाने होत नाही ते सांगून झालं, आणि ते मुद्दाम थांबले. बोलायचं तर हीच जागा होती.

भिवाजी ताटासमोरून उठून उभा राहिला.

"मंडळी," तो म्हणाला. "मी भिवाजी खरात. माझ्या लेकीची सोयरीक ह्या गावात झालीय, हे तुमास्नी ठावं हाय."

मागे बांधलेल्या शेळ्यांचं ओरडणं ऐकू यायला लागलं. मी पदर तोंडाशी धरला होता. मनात म्हणत होते, बोल, बोलून मोकळा हो.

त्याने मारुतीच्या देवळाकडे बघितलं. मग बायांच्या बाजूला बघितलं. तिथे मंगलताई उभ्या होत्या आणि त्यांच्या कडेवर ते पोरगं होतं.

"मला काय झालंय आन् काय न्हाई, ते मला इचारू नका," भिवाजी म्हणाला. "ताट वाढलंय. ज्याचा माझ्यावर इस्वास हाय त्यानं यावं."

आणि तो खाली बसला, केरबाकडे बघत.

केरबाचा भिवाजीवर विश्वास होता. त्याने मघाशीच तसं सांगितलं होतं. आता फक्त उठून चार पावलं यायचं होतं. तो आला असता तर सुलीचं लग्न झालं असतं आणि पोरगंही पंगतीत राहिलं असतं. शेजारचे भाऊबंद त्याच्याकडे बघत होते. केरबाने मान खाली घातली आणि पायातल्या वहाणेचा अंगठा नीट करायला लागला. तो बराच वेळ नीट होत नव्हता.

कुणीच उठेना. पिठल्यावर माशी बसली, मी ती हाकलली. शाहिरांनी मला डोळ्याने खुणावलं, गाणं सुरू कर म्हणून. मी तोंड उघडणार तोच बायांच्या बाजूने एक बाई उठली.

किडकिडीत, विटकं पातळ, कपाळ मोकळं. लोकांनी तिला वाट दिली, जरा जास्तच वाट दिली, त्यावरून मी ओळखलं की ही शेवंता. ती वर आली आणि भिवाजीसमोर मांडी घालून बसली.

मागून कुणीतरी म्हणालं, "घ्या! जोडी जमली." काही जण हसले. त्यांच्या दृष्टीने यात बघण्यासारखं काही नव्हतं. रोगी रोग्याबरोबर जेवत होता. गावाला त्यातून काहीच शिकायचं नव्हतं.

आमचं तसं नव्हतं. आम्ही चार वर्षं हे ताट मांडत होतो, पण त्यात आजवर दोन्ही बाजूंनी धडधाकट माणसंच जेवली होती. त्या ताटात खरा रोग पहिल्यांदाच आला होता.

शेवंताने भाकरीचा तुकडा मोडला, पिठल्यात बुडवला, खाल्ला. बोटं चाटली. मग त्याच हाताने उरलेली भाकरी मोडून अर्धी भिवाजीच्या बाजूला सरकवली.

भिवाजीने हात पुढे केला. आणि तो हात ताटावर थांबला.

फार नाही, दोन श्वास. मी ताटाशेजारीच बसले होते, म्हणून मला दिसलं. शेवंतालाही दिसलं. तिने मान वर करून त्याच्या तोंडाकडे, त्या राखेच्या डोळ्यांकडे बघितलं.

"तुमास्नी न्हाई," ती हळूच म्हणाली. "व्हय ना?"

भिवाजीने नजर ताटाकडे वळवली.

"ज्याला झालाय त्याचा हात न्हाई थांबत," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, असता तर बरं झालं असतं. मग तिने पदर सारखा केला आणि लोकांकडे पाठ ठेवून म्हणाली, "जेवा आता. लोकं बगत्यात. माझं पोरगं पंगतीत बसतंय."

भिवाजी जेवला. भाकरीचा तुकडा, पिठलं, कांदा, तिने बोट लावलेलं सगळं. ताट पुसून खाल्लं. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि पुढचं गाणं मला आठवेना, तेव्हा मेहबूबने नुसतीच ढोलकी वाजवून खेळ संपवला.

केरबा टेम्पोपाशी उभा होता. "पाव्हणं, जमायचं न्हाई," एवढंच म्हणाला. भिवाजी म्हणाला, "बरं." शाहीर भांडायला निघाले होते, त्यांना भिवाजीने दंडाला धरून मागे ओढलं.

टेम्पो निघाला. मोठा रस्ता लागल्यावर भिवाजी मला म्हणाला, "यमे, माझा हात थांबला गं."

"दिसला."

"चार वरसं बोंबलतोय मी. गावोगाव. एका ताटात जेवल्यानं काय हुत न्हाई."

"जेवलास ना शेवटी?"

"तिनं सांगितल्यावर," तो म्हणाला आणि गमछ्याने तोंडावरची राख पुसायला लागला. ती आधीच सगळी निघाली होती, तरी पुसत राहिला.

साखरपुड्याचं पातळ आठ दिवसांत परत गेलं. सुली वर्षभर बापाशी बोलली नाही. तिला त्याने सगळं खरं सांगितलं होतं, आणि ते ऐकून ती जास्तच चिडली. "दुसऱ्याच्या पोरासाठी माझं घर मोडलं," असं ती माझ्याजवळ म्हणाली, आणि ते खोटं नव्हतं. पुढे तिला इचलकरंजीला दिली, यंत्रमागावर काम करणाऱ्या मुलाला. आमचं पथक कधी गेलं नव्हतं अशा ठिकाणी. घरात नळ नव्हता.

नंतर सरकारी दवाखान्यात गोळ्या फुकट मिळायला लागल्या. शेवंता त्यावर उभी राहिली, ती अजून आहे. तिचा मुलगा आता उंबरदऱ्याच्या पंचायतीत पाणी सोडायचं काम करतो. सगळं गाव त्याच्या हातचं पाणी पितं आणि पाणी उशिरा आलं तर त्याला शिव्या घालतं. आमचं पथक केव्हाच मोडलं.

भिवाजी गेल्या वर्षी गेला. सत्तरी ओलांडली होती, झोपेतच गेला. दहाव्याला मी होते. उंबरदऱ्याहून शेवंता आणि तिचा मुलगा आले होते. त्यांच्या जीपमध्ये गावची आणखी दोन-तीन माणसं बसून आली होती, आणि त्यांत केरबाही होता, काठी टेकत. त्याला कुणी बोलावलं नव्हतं.

पिंडाला कावळा शिवायची वाट बघत सगळे नदीकाठी उभे होतो. केरबा सुलीजवळ आला. तिने त्याला ओळखलं होतं, मान फिरवली नाही.

"पोरी," तो म्हणाला, "तुझा बा लई खमक्या. त्या रोगात एवढी वरसं काढली त्यानं. दुसरा असता तर कवाच गेला असता."

शेवंता पलीकडे उभी होती, तिने सुलीकडे बघितलं. मी सुलीकडे बघितलं. आता कुणाचं काही बिघडणार नव्हतं. शेवंताचा मुलगा जीपला टेकून उभा होता, चांगला दाढी-मिशीचा बाप्या. सुलीने ते एक वाक्य आता बोलून टाकलं असतं तरी चाललं असतं, आणि तिला तो हक्क होता.

सुलीने डोक्यावरचा पदर पुढे ओढला.

"व्हय, मामा," ती म्हणाली. "लई सोसलं त्यांनी."